उपेक्षितांचे छायाचित्र आणि नावाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

उपेक्षितांच्या जगण्याविषयी कोण बोलतो आणि कोणत्या अधिकाराने बोलतो, हा प्रश्न विचारावयास दलित साहित्याने मराठी समीक्षेला शिकविले. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि पुढील काळात आत्मकथनांचा प्रवाह जसजसा विस्तारला, तसतसे सहानुभूती आणि स्वानुभव यांतील अंतर साहित्यविचाराच्या केंद्रस्थानी आले. छायाचित्राच्या बाबतीत मात्र हा प्रश्न तितक्या आग्रहाने विचारला जात नाही. लेखनामागे लेखक आहे याचे भान वाचकाला असते. छायाचित्र मात्र यंत्राने टिपलेले वास्तव म्हणून निःशंकपणे स्वीकारले जाते. कॅमेरा कोठे उभा होता, चौकटीबाहेर काय राहिले, चित्रातील व्यक्तीला त्याचे पुढे काय झाले हे कळले काय, या गोष्टी पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाहीत. प्रस्तुत लेखात डोरोथिया लँग, पी. साईनाथ आणि एम. पळनी कुमार यांच्या कामाच्या आधारे उपेक्षितांच्या दस्तऐवजी छायाचित्रणाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर व्हावे, याचा विचार केला आहे.

करुणेची चौकट

मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याच्या शेतांवर काम करणाऱ्या मजुरांच्या तळावर लँग यांनी एका स्त्रीचे छायाचित्र घेतले. पीक नष्ट झाल्यामुळे तेथील मजूर बेकार झाले होते. ३२ वर्षांची ती स्त्री गालाशी हात नेऊन दूर कोठेतरी पाहते आहे, दोन मुलांनी तिच्या खांद्यांआड तोंडे लपविली आहेत आणि कुशीत तान्हे मूल आहे. 'मायग्रंट मदर' या नावाने हे चित्र जगभर पोहोचले व महामंदीचे प्रतीक ठरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रातून ही छायाचित्रे व त्यासोबतची बातमी प्रसिद्ध होताच तळावर अन्नाची मदत पाठविण्यात आली. छायाचित्राच्या सामाजिक सामर्थ्याचे उदाहरण म्हणून ही घटना नेहमी सांगितली जाते आणि ते सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही.

परंतु मदत पोहोचेपर्यंत ती स्त्री मुलाबाळांसह तेथून पुढे निघून गेली होती. आपण तिचे नाव विचारले नव्हते, असे लँग यांनीच १९६० साली नमूद केले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, म्हणजे चार दशकांनंतर. या चित्राने आपल्याला काहीच मिळवून दिले नाही, अशी तिची तक्रार होती. ती चेरोकी या मूलनिवासी समाजातील होती, हेही तेव्हाच लोकांना समजले. तोवर हजारो प्रेक्षकांनी तिला दुष्काळाने उठविलेल्या गोऱ्या शेतकरी कुटुंबातील आई मानले होते. चित्र प्रातिनिधिक ठरण्यासाठी त्या स्त्रीचा स्वतःचा इतिहास पुसला जावा लागला, असा याचा अर्थ होतो. १९९८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या चित्राचे तिकीट काढले. चित्राचा सन्मान वाढत गेला, पण त्या सन्मानाचा चित्रातील व्यक्तीशी असलेला संबंध क्षीणच राहिला.

या एका चित्रावरून लँग यांच्या समग्र कामाविषयी निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांच्यासह त्यांनी १९३९ मध्ये सिद्ध केलेल्या 'ॲन अमेरिकन एक्झोडस' या ग्रंथात छायाचित्रांसोबत स्थलांतरितांचे स्वतःचे बोल दिलेले आहेत. लोकांच्या स्मरणात मात्र शब्दांसह असलेला हा ग्रंथ राहिला नाही; शब्दांवाचून असलेला एक चेहरा राहिला. करुणेला तपशील नको असतो, हेच यातून सूचित होते.

श्रमाची चौकट

पी. साईनाथ यांचे 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' हे प्रदर्शन याच ठिकाणी वेगळी वाट धरते. १९९३ ते २००२ या काळात, म्हणजे आर्थिक सुधारणांच्या पहिल्या दशकात, दहा राज्यांत घेतलेली ही छायाचित्रे ग्रामीण स्त्रियांच्या कामाविषयी आहेत. आंध्र प्रदेशातील वीटभट्टीवर ओडिशाहून आलेल्या मजूर स्त्रिया डोक्यावर गरम विटा घेऊन उतरत्या फळीवरून अनवाणी चालत आहेत. बाहेरचे तापमान ४९ अंश सेल्सिअस आहे आणि भट्टीजवळ ते त्याहून अधिक आहे, असे सोबतचा मजकूर सांगतो. येथे पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरील दुःखावर थांबत नाही. ती पाठीचा कणा, पावले, ओझे आणि मजुरी यांच्याकडे वळते. पेरणी करणाऱ्यांत ७६ टक्के आणि लावणी करणाऱ्यांत ९० टक्के स्त्रिया असल्याचे आकडे शेतातील वाकलेल्या शरीरांशेजारी वाचावयास मिळतात, तेव्हा 'शेतकरी' या शब्दासरशी मनात उभी राहणारी पुरुषाची प्रतिमा ढळू लागते. लँग यांच्या प्रसिद्ध चित्रात स्त्री 'माता' आहे. साईनाथ यांच्या चित्रांत ती 'कामगार' आहे. हा फरक केवळ विषयाचा नसून दृष्टीचा आहे.

दुसरा फरक प्रदर्शनस्थळाचा आहे. कलादालनाच्या भिंतीपुरते न राहता हे प्रदर्शन बस व रेल्वे स्थानके, कारखान्यांची प्रवेशद्वारे, शेतमजुरांचे मेळावे, शाळा व महाविद्यालये येथे मांडले गेले. २०१४ साली सुरू झालेल्या 'पारी' या संकेतस्थळावर ते आता उपलब्ध आहे आणि भारतात सात लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिल्याचे तेथे नमूद आहे. ज्यांचे चित्र आहे त्यांच्यासारख्यांनीच ते पाहावे, ही योजना प्रेक्षक आणि विषय यांतील अंतर कमी करते. शेतमजूर स्त्री असे चित्र पाहते तेव्हा ती दया करीत नाही. ती पडताळणी करते.

तथापि या प्रदर्शनाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यातील अनेक स्त्रिया अनामिकच राहतात. त्यांचे श्रम दृश्य होतात, वर्ग दृश्य होतो, पण व्यक्ती पुरती दृश्य होत नाही. त्यांच्या वतीने बोलतो तो पत्रकाराचा मजकूर. तो मजकूर नेमका व प्रामाणिक असला, तरी तो त्यांचा स्वतःचा आवाज नव्हे.

आतून पाहणारा कॅमेरा

ही उणीव भरून काढण्याची शक्यता पुढील पिढीच्या कामात दिसते. तामिळनाडूतील एम. पळनी कुमार हे मासळी विकणाऱ्या स्त्रीचे पुत्र. दिव्या भारती यांच्या 'कक्कूस' या हाताने मैला साफ करणाऱ्यांवरील २०१७ च्या माहितीपटाचे छायांकन त्यांनी केले. त्यानंतर सफाई कामगार, रामनाथपुरम जिल्ह्यातील समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या स्त्रिया आणि स्वतःच्या आईचे कष्ट हे त्यांच्या कॅमेऱ्याचे विषय झाले. २०२२ साली त्यांना दयानिता सिंग-पारी दस्तऐवजी छायाचित्रण पुरस्कार लाभला. पुरस्काराहून महत्त्वाची बाब अशी की, त्यांनी सफाई कामगारांच्या मुलांना छायाचित्रण शिकविले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ व २०१३ साली कायदे झाले, तरी गटारांतील मृत्यू थांबले नाहीत. अशा स्थितीत त्या घरातील मुलाच्या हाती कॅमेरा येणे म्हणजे साक्षीदार बदलणे होय. मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन दीर्घकाळ टिपणारे, २०१६ च्या पद्मश्रीचे मानकरी सुधारक ओलवे यांच्या कामाचाही विचार या दिशेने होणे अगत्याचे आहे.

अर्थात, छायाचित्रकार त्याच समाजातील असला म्हणजे चित्र आपोआप सत्य ठरते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. स्वानुभव ही पात्रता आहे, हमी नव्हे. तसेच नाव देणे नेहमीच हिताचे असते असेही नाही. वेठबिगार, अल्पवयीन मुले किंवा देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्या बाबतीत नाव झाकणे हेच संरक्षण ठरते. म्हणून प्रश्न नाव आहे की नाही एवढाच नसून, ते द्यावे की झाकावे हे कोणी ठरविले, हा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निकष हाती येतात. चित्रातील व्यक्ती तिच्या दुःखाने ओळखली जाते की तिच्या कामाने व इतिहासाने? तिच्या नावाविषयीचा निर्णय कोणाचा आहे? आणि ते चित्र तिच्यापर्यंत, निदान तिच्या समाजापर्यंत, परत पोहोचते काय? कलात्मक गुणवत्तेला या निकषांनी बाधा येत नाही. उलट ती कशासाठी राबविली गेली, हे स्पष्ट होते.

हा विचार केवळ नामवंत छायाचित्रकारांपुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, समाजशास्त्राची क्षेत्रभेट, वृत्तपत्रविद्येचे प्रकल्प यांतून विद्यार्थी वस्त्या-पाड्यांवर जातात आणि छायाचित्रे घेऊन परततात. अहवालात ती 'लाभार्थी महिला' किंवा 'आदिवासी बालक' अशा ओळीखाली छापली जातात. प्रश्नावली भरून घेताना संमतीचा विचार करणारे अभ्यासक्रम कॅमेऱ्याबाबत मौन पाळतात, तेव्हा निपोमोच्या तळावर न विचारलेला प्रश्न पुन्हा न विचारलेलाच राहतो. तो विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे अध्यापकांचे काम आहे.