नवा संच आला की समतोल का बिघडतो?

स्पर्धात्मक पत्त्यांच्या खेळात नवा संच आला आणि एखादा गट सगळीकडे जिंकायला लागला, की तक्रार ठरलेली असते: "तो एक पत्ता फारच जड करून ठेवलाय." मला ही तक्रार अर्धवट वाटते. दोष बहुतेक वेळा पत्त्यात नसतो, जोडीत असतो.

हिशोब करून बघा. 100 पत्त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात 4950. त्यात 20 नवे पत्ते घाला. पत्ते वाढले 20 टक्के, पण जोड्या झाल्या 7140, म्हणजे 44 टक्के जास्त. पत्ते तपासणं सोपं आहे. जोड्या तपासायला माणसं आणि वेळ कुठून आणणार?

'मॅजिक: द गॅदरिंग'चंच बघा. 2003 च्या मिरोडिन संचात काही 'जमिनी' अशा आल्या, ज्या आर्टिफॅक्ट म्हणूनही मोजल्या जायच्या. एकेकटी बघितली तर अगदी साधी. 2004 मध्ये डार्कस्टील आला आणि त्यातल्या आर्कबाउंड रॅव्हेजरला बळी द्यायला नेमक्या आर्टिफॅक्टच लागत होत्या. मार्च 2005 मध्ये स्टँडर्ड प्रकारात एकदम आठ पत्त्यांवर बंदी आली. त्यात सहा जमिनी होत्या!

जंगलाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवं नाही. 1972 साली रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखवलं, की यादृच्छिक जाळ्यात जाती आणि त्यांच्यातले संबंध वाढत गेले, आणि संबंधांची ताकद मात्र तेवढीच राहिली, तर व्यवस्था डळमळीत होते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे रस्त्याच्या कडेने माजलेली घाणेरी तुम्ही पाहिली असेलच. शोभेचं झुडूप म्हणून आणलेली ही वनस्पती कुंडीत निरुपद्रवी असते. प्रश्न ती कोणाच्या शेजारी उगवते, याचा असतो.

मग वाढ करूच नये का? आपल्याच राज्यात याचं एक जुनं उत्तर आहे. मोगल गंजिफ्यात 8 रंग आणि 96 पत्ते. सावंतवाडीला रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफ्यात 10 रंग आणि 120 पत्ते. प्रत्येक रंगात तेच 12: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. हुकूम नाही. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का मोठा. पण तो फरक फक्त नावांचा, ताकदीचा नाही. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. रंग वाढले तरी कोणताही रंग दुसऱ्याला चिरडत नाही.

पण हा समतोल स्वस्तातला आहे. रंगांचा एकमेकांशी संबंधच नाही, त्यामुळे दोन रंग वाढले की स्मरणशक्तीवर ताण वाढतो, डावपेच फारसे वाढत नाहीत.

मला मधला मार्ग पटतो तो 2012 च्या 'अँड्रॉइड: नेटरनर'चा. दुसऱ्या गटाचा पत्ता घ्यायचा तर 'इन्फ्लुअन्स' खर्च करायचा, आणि त्याची मर्यादा साधारण 15. म्हणजे जोड्या बंद नाहीत, महाग आहेत. मे यांच्या भाषेत, जाळं वाढलं तरी जोडण्या आवरलेल्या. तिथेही बंदीच्या याद्या लागल्याच, पण दिशा बरोबर होती.

यात पैशांचाही प्रश्न आहे. समतोल ढळला की जिंकणारा गट विकत घ्यावा लागतो, आणि जो घेऊ शकत नाही तो स्पर्धेतून बाहेर. नेटरनरचं अधिकृत प्रकाशन 2018 मध्ये थांबलं. त्यानंतर तो स्वयंसेवकांनी चालू ठेवला, आणि पत्ते घरी छापून घ्यायच्या फाइली मोफत दिल्या. चंद्रपुरातल्या झेरॉक्सच्या दुकानातही ते छापता येतात.

तेव्हा पुढचा नवा संच आला की "सगळ्यात जड पत्ता कोणता?" असं विचारू नका. विचारा: यातला कोणता पत्ता जुन्या पत्त्यांपैकी सगळ्यात जास्त जणांशी जोडला जातो? बंदीची पुढची यादी बहुधा तिथूनच सुरू होईल.