वाटी, शेर आणि खूण

पाककृतींच्या पुस्तकांची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकात कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. परंतु नोकरीच्या निमित्ताने परप्रांती आलेल्या मराठी कुटुंबाचे सामान बदलीच्या गावी उतरते तेव्हा त्यातून काव्यसंग्रह निघो वा न निघो, पाकशास्त्राचे एखादे पुस्तक बहुधा निघतेच. ज्या गद्याच्या वाक्यावाक्याची परीक्षा त्याच दिवशी पानावर होते, त्याकडे समीक्षेने पाठ फिरवावी हे आम्हांस उचित वाटत नाही.

हे गद्य तसे जुने आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. त्या पिढ्यांची नित्याची मापे शेर, पायली, तोळा ही. आणि शेर तर प्रांतोप्रांती निराळा. १९५८ पासून मेट्रिक वजने आली आणि काही वर्षांतच शेर बाजारातून नाहीसा झाला. पुढे १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे धरली. वरवर पाहता ही साधी घरगुती सोय. आमच्या मते मात्र मराठी पाकगद्यात एवढा विचारपूर्वक निर्णय दुसरा नाही. वाटी हे वजन नव्हे, ते प्रमाण आहे. कोणाची वाटी लहान, कोणाची मोठी. डाळ आणि तांदूळ एकाच वाटीने मोजले म्हणजे झाले. भिलाईच्या सेक्टरातील क्वार्टरमध्ये तराजू नसेल, वाटी असतेच. ज्या सुनेची सासू सातशे-आठशे मैलांवर राहिली तिला हे पुस्तक उपयोगी पडले, आणि कमलाबाईंना ‘एक लाख सुनांची सासू’ म्हणू लागले ते उगाच नव्हे.

तथापि प्रमाण प्रवास करते तसा काळ करीत नाही. घरगुती कृतींच्या पुस्तकांत ‘रात्रभर आंबू द्यावे’ असे वाक्य वारंवार येते. ही रात्र कोठली? सांगलीची की पुण्याची? दुर्गमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. तेव्हा विरजण तीन-चार तासांत लागते आणि रात्रभर ठेवलेले दही सकाळी तोंडात घालवत नाही. पौषात तेच दूध सकाळपर्यंत दूधच राहते. तांदळाचेही तसेच. हा सगळा धानाचा मुलुख, त्यामुळे नवा तांदूळ घरी लवकर येतो. त्याला पाणी कमी लागते. पुस्तकातील दोन वाट्या पाण्याने त्या भाताची पेज होते आणि दोष बिचाऱ्या नव्या गृहिणीच्या हाताला लागतो!

अशा वेळी तारून नेते ती खूण. मराठी स्वयंपाकाची खरी भाषा घड्याळाची नाहीच. खमंग वास सुटणे, पाकाला तार येणे, कडेने तेल सुटणे, पिठाला जाळी पडणे हे शब्द ज्या लेखिकेने जपले तिची कृती कोणत्याही गावी उभी राहते. अनारशाचे उदाहरण घ्यावे. तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, सावलीत वाळवून कुटावे, गूळ घालून पीठ मुरू द्यावे, इतके कोणतेही पुस्तक सांगेल. परंतु गूळ अधिक झाला की अनारसा तुपात पसरून विरतो, आणि त्याला मराठीत ‘अनारसा हसला’ म्हणतात. त्या एका क्रियापदात निदान आहे. ‘थोडी पिठी मिसळून पाहावी’ हा उपाय त्याच्या शेजारी लिहिला की पुरे. छत्तीसगढी शेजारीण सणाला अइरसा करते. तांदूळ भिजवणे, कुटणे, गूळ, तळणे, सारे ओळखीचे. तिच्या चुलीपाशी उभे राहिले तर पुस्तकात न सापडणारी उत्तरे मिळतात. तिचे इडहर आपल्या अळूवडीचे असेच नातलग: बेसनाऐवजी वाटलेली उडदाची डाळ, आणि वाफवलेल्या वड्या दह्याच्या रश्श्यात. मराठी पाकपुस्तकांनी पंजाबी छोले नि केक ह्यांना मोकळेपणाने जागा दिली. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या दुर्ग जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात मात्र ती क्वचितच डोकावली. हा दुरावा आम्हांस समर्थनीय वाटत नाही.

घरगुती उपयोगाच्या कृतींची गोष्ट सोपी आहे. तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासावी असे म्हणताना आंबटाने काळेपणा सुटतो एवढे कारण दिले, तर चिंच नसेल त्या घरी लिंबू पुढे येते.

अलीकडच्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांत खूण जाऊन मिनिटे आली. (छायाचित्रे सुंदर असतात; त्यांना फोडणीचा वास येत नाही, एवढेच.) ही हानी केवळ चवीची असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. येथे वाढलेली मुले हिंदी-इंग्रजीतून शिकतात. त्यांतील कित्येकांच्या हाती पडणारे छापील मराठी पुष्कळदा कृतींच्या पुस्तकापुरतेच असते. ‘मध्यम आचेवर सात मिनिटे’ हे त्यांना कोणत्याही भाषेत मिळेल. ‘हसला’ आणि ‘जाळी पडली’ मिळणार नाही.

पुढील आवृत्त्या काढणाऱ्या प्रकाशकांना आमची सूचना अशी की, कालावधी छापतील तेथे खूणही छापावी, आणि समास रुंद ठेवावा. बदलीच्या घरांतील जुन्या प्रती आम्ही पाहिल्या आहेत. विरजणाच्या पानाच्या कडेला शाईने ‘उन्हाळ्यात चमच्याचे टोक पुरे’, आणि त्याखाली पेन्सिलीने, निराळ्या अक्षरात, ‘थंडीत भांडे फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात’.