जुन्या छायाचित्रांतील मुंबई : टिपलेले आणि निसटलेले

प्रास्ताविक

नष्ट झालेल्या वास्तूंचा आणि बदललेल्या रस्त्यांचा पुरावा म्हणून जुन्या छायाचित्रांकडे पाहण्याची प्रथा रूढ आहे. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशी दोन चित्रे शेजारी ठेवून हळहळ व्यक्त करणारी पुस्तके, दिनदर्शिका व प्रदर्शने लोकप्रिय आहेत. तथापि छायाचित्र हे गतकाळाचे निरपेक्ष दर्शन नसते. ते कोणी, कशासाठी आणि कोठे उभे राहून टिपले, हे तपासल्याशिवाय त्याचा पुरावा पूर्ण मानता येत नाही. प्रस्तुत लेखात मुंबईच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

छायाचित्रण आणि पाडकाम

मुंबईत छायाचित्रण रुजले आणि शहराचे जुने रूप मोडू लागले, या दोन्ही घटना जवळजवळ एकाच काळातील आहेत. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. त्याच वर्षी कावसजी दावर यांनी शहरातील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे १८६० च्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, कोटाची तटबंदी पाडण्यात आली. अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट हे दरवाजे गेले. चर्च गेटच्या परिसरात १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. दरवाजा नाहीसा झाला, पण त्याचे नाव रेल्वे स्थानकाच्या रूपाने लोकांच्या तोंडी राहिले. १९६१ मध्ये त्याच चौकात हुतात्मा स्मारक उभारले गेल्यानंतर केवळ कारंजे दाखवणारे जुने चित्र मराठी वाचकाला अपुरे वाटू लागले. काळा घोडा येथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र टिकले, इतके की २०१७ मध्ये तेथे स्वाराविना नवा घोडा बसवण्यात आला. वास्तूची स्मृती चित्रापेक्षा बोलीत अधिक काळ तग धरते, हे या उदाहरणांवरून दिसते.

कॅमेऱ्याच्या मर्यादा

त्या काळच्या ओल्या काचेच्या प्रक्रियेत प्रकाशनाला काही सेकंद लागत. त्यामुळे चालणारी माणसे व धावणाऱ्या गाड्या पुसट होत किंवा उमटतच नसत. जुन्या चित्रांतील रस्ते निवांत आणि रुंद भासतात, त्याचे एक कारण हे तांत्रिक आहे. त्या रिकामेपणालाच ‘जुन्या मुंबईची शांतता’ मानणे ही वाचनातील चूक आहे. दुसरे उदाहरण विल्यम जॉन्सन यांचे. मुंबईतील जाती-जमातींवरील त्यांच्या ग्रंथात (१८६३–६६) स्टुडिओत टिपलेल्या व्यक्ती शहरातील दृश्यांच्या पार्श्वभूमीवर जोडल्या आहेत. ती माणसे त्या ठिकाणी उभी नव्हतीच. समाजाचे वर्गीकरण करण्याची वासाहतिक गरज त्या जोडकामामागे होती.

याच काळात गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) प्रसिद्ध झाले. बाजार, धंदे, सण, निरनिराळ्या जातींचे रीतिरिवाज यांची त्यातील नोंद कॅमेऱ्याने सोडलेली जागा भरून काढते. गर्दी आणि गलबला कॅमेऱ्याला पेलत नव्हता. गद्याला तो पेलला. म्हणून छायाचित्रसंग्रह व मराठी स्थलवर्णने एकत्र वाचली पाहिजेत.

काय टिपले गेले नाही?

छायाचित्रकारांच्या ग्राहकवर्गाला सरकारी इमारती, चर्च, समुद्रकिनारा आणि प्रशस्त मार्ग यांची चित्रे हवी होती. दाट वस्तीची घरे मोठ्या संख्येने टिपली गेली ती १८९६ मध्ये प्लेग सुरू झाल्यावर, आणि तीही रोगाचे ठिकाण म्हणून. पुढे १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्त्या पाडून नवे रस्ते काढले. त्या घरांचे चित्र उरले ते त्यांना दोषी ठरवणारे.

याचा परिणाम आजच्या जतनविचारावरही होतो. मुंबईत १९९५ मध्ये वारसा-नियमावली लागू झाली. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे स्वागतार्हच आहे. परंतु १९८२ च्या संपानंतर उजाड झालेल्या गिरण्या आणि त्यांच्या भोवतीच्या चाळी यांना असे संरक्षण क्वचितच लाभले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत २००१ मध्ये झालेल्या बदलानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे व मॉल उभे राहिले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावाचा इतिहास कामगारांच्या तोंडून नोंदवला. त्या ग्रंथाचे महत्त्व येथे लक्षात येते, कारण दृश्य पुरावा जेथे तोकडा होता तेथे साक्ष उभी राहिली.

येथे एक आक्षेप संभवतो. बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत कुटुंब वाढवणाऱ्याला त्या भिंतींचे कौतुक सांगणे क्रूर ठरेल. हा आक्षेप रास्त आहे. पुनर्विकास हा रहिवाशांचा हक्क आहे. मात्र इमारत जपणे आणि तिची नोंद जपणे या भिन्न गोष्टी आहेत. सामाईक गॅलरी, मोरी, जिना, चाळीच्या मधल्या अंगणातील उत्सव व सभा यांची नोंद पाडकामापूर्वी करण्याने कोणाचेही नवे घर अडत नाही.

समारोप

जुनी छायाचित्रे हरवलेल्या शहराची साक्ष देतात, त्याचबरोबर त्या काळी कोणाचे शहर पाहण्याजोगे मानले गेले याचीही. समीक्षकाने ही दुसरी साक्ष दुर्लक्षू नये. चाळीतील कुटुंबांकडे लग्न, बारसे, गणेशोत्सव यांची छायाचित्रे असतात. त्यांच्या कडेला कठडा, दार, रस्ता नकळत उमटलेला असतो. इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांकरवी, कुटुंबांच्या संमतीने, त्यांच्या प्रती, तारखा आणि आठवणी एकत्र नोंदवल्यास महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक पर्यायी संग्रह उभा राहू शकेल. चाळी वेगाने पाडल्या जात असल्याने हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.