बचावत निवाडा : वाटणी झाली, कारभार राहिला

लवादाचा निवाडा ही काही ललित वाङ्मयाची वस्तू नव्हे. तो परीक्षणासाठी हाती घेतल्याबद्दल काही वाचक आम्हांस हसतीलही. परंतु न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने कृष्णेच्या पाण्याविषयी १९७३ साली दिलेला निर्णय व १९७६ चा पुढील अहवाल आम्ही वाचला, तो मुख्यतः त्यातील अर्ध्यावर सोडलेल्या एका कल्पनेसाठी.

वाटणीचा भाग रेखीव आहे. शंभरांतील पंचाहत्तर वर्षे तरी मिळेल असे २,०६० अब्ज घनफूट पाणी धरून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्रास ८०० दिले. त्याहून अधिक आलेले पाणी खालच्या अंगाच्या आंध्राने वापरावे, मात्र त्यावर हक्क सांगू नये! कायद्याच्या भाषेत हे शोभते. पण एकदा कालवे खोदले आणि शेते भिजली, म्हणजे ‘हक्क नाही’ हे शेतकऱ्यास कोणी समजवावयाचे? २००४ साली नेमलेल्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये हे वरकड पाणीही वाटले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निवाड्याच्या प्रसिद्धीस स्थगिती दिली. तंटा असा अपेक्षित जागीच पुन्हा पेटला.

बचावत लवादास हे दिसत नव्हते असे नाही. त्याने दुसरी एक योजनाही मांडली होती : खोऱ्यासाठी एक प्राधिकरण असावे, आणि वाढाव्याप्रमाणे तूटही सर्वांनी वाटून घ्यावी. आमच्या मते निवाड्यातील सर्वांत विचारगर्भ पाने हीच. राज्यांची सहमती जमली नाही, आणि ती योजना अंतिम आदेशात आली नाही. लवादाने येथे फार लवकर माघार घेतली, असे आम्हांस वाटते. (१९५६ चा नदीमंडळ कायदा तरी काय? त्याखाली एकही मंडळ निघालेले नाही.)

घरातील भावांनी खोल्या वाटून घेतल्या, पण सामायिक आडाचा उपसा कोणी कधी करावा हे ठरविलेच नाही, तशी ही गत. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा कोयनेतून किती सोडावे आणि अलमट्टीचे दरवाजे केव्हा उघडावे, याची बोलणी दोन सरकारांस आपसांत करावी लागली. वार्षिक हिश्शाचे आकडे त्या रात्री कोणाच्याही उपयोगी नव्हते. २०१४ च्या पुनर्रचना कायद्याने कृष्णेसाठी एक मंडळ निघाले खरे. पण ते आंध्र व तेलंगण यांच्यापुरतेच. जिच्या डोंगरात नदी उगम पावते त्या महाराष्ट्रास, आणि मधल्या कर्नाटकासही, त्यात जागा नाही.