जोखीम कोणाची?

परका शब्द भाषेंत आला म्हणून नाक मुरडणारांपैकीं आम्ही नव्हों. शब्दानें आपलें काम चोख करावें, एवढीच आमची अपेक्षा. ‘हायरिस्क’ हा शब्द तें करतो काय, हें पाहणें आतां अवश्य झालें आहे.

मोताळ्याच्या बाजारांत एक वृद्ध बाई आपल्या गरोदर सुनेविषयीं सांगत होत्या, “सून हायरिस्क हाय, आतां देवाच्या हातीं.” कार्डावरील लाल खुणेचा त्यांनीं लावलेला हा अर्थ. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांत दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची तपासणी होते. तीव्र रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, पोटांत जुळें अशीं कारणें आढळल्यास ती खूण करतात. तिचा अर्थ इतकाच, कीं अशा शंभर स्त्रियांत अडचण येण्याचा संभव इतर शंभरांपेक्षां अधिक. तो निकाल नव्हे, पूर्वसूचना होय. ऐन कळांत राजूरचा घाट चढून बुलढाण्यास धांवावें लागूं नये, रक्त व शस्त्रवैद्य आधींच सिद्ध असावेत, यासाठीं ती असते. २०२० च्या कोरोनाच्या साथींतही हाच घोटाळा झाला. ‘हायरिस्क संपर्क’ म्हणजे रोग्याच्या निकट सहवासांत आलेला मनुष्य. लोकांनीं त्यास रोगीच ठरविलें.

दोष केवळ ऐकणारांचा नाहीं. हें विशेषण माणसास चिकटतें आणि संभव कशाचा, कोणाच्या तुलनेनें, व उपाय कोणीं करावयाचा, हे तिन्ही प्रश्न गिळून टाकतें. आमचा ‘जोखीम’ शब्द पाहा. जोखीम कोणीतरी पत्करतो, कोणीतरी दुसऱ्यावर सोंपवितो. जुन्या व्यापारांतील जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोंचला तरच देणें लागत. नुकसान कोणीं सोसावयाचें, हें आधींच ठरलेलें असे. प्रवासांत अंगावर दागिने असले तर ‘जवळ जोखीम आहे’ असें आपण म्हणतों. भय आणि मोल या एकाच शब्दांत नांदतात.

म्हणून सरकारी कागदांतील ‘अतिजोखमीची माता’ हा प्रयोग आम्हांस अधिक बरा वाटतो. मात्र तो ‘जोखमीचा माल’ या चालीवर वाचला पाहिजे. जोखमीची, म्हणजे जिवापाड जपावयाची. “ही तुमची आमची जोखीम आहे, दिवस भरण्यापूर्वींच बुलढाण्यास न्या,” असें त्या बाईंस कोणीं सांगितलें असतें, तर देवावर हवाला ठेवण्याआधीं त्यांनीं गाडीची तजवीज केली असती, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.