‘भूपट्ट’ या संज्ञेचे परीक्षण

पारिभाषिक संज्ञेची कसोटी केवळ व्युत्पत्तीवर लागत नाही. ती वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे करते, हेही पाहावे लागते. सागर, सागरतळ आणि किनारे यांची घडण उलगडणाऱ्या सिद्धांतास मराठीत ‘भूपट्ट सांरचनिकी’ म्हणतात. यांतील ‘भूपट्ट’ या पदाचे दोन्ही घटक विचारणीय आहेत.

प्रथम ‘भू’. संस्कृतात या शब्दाचा अर्थ पृथ्वी असाही आहे. परंतु नौदलाहून भूदल वेगळे मानणाऱ्या मराठी वाचकास ‘भू’ म्हणजे जमीन, हाच अर्थ जवळचा. त्यामुळे भूपट्ट किनाऱ्यापाशी संपतो, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले; पुढे सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग होऊन मध्ये नवा सागरतळ निर्माण होऊ लागला. कोकणचा किनारा ही त्या फाटीची खूण होय, भूपट्टाची आजची सीमा नव्हे. ती सीमा दूर समुद्रात, कार्ल्सबर्ग या सागरतळावरील पर्वतरांगेपाशी आहे. तेथे तप्त शिलारस वर येऊन सागरतळात आजही भर पडत आहे.

दुसरा घटक ‘पट्ट’. ताम्रपट्ट, शिलापट्ट या शब्दांत त्याचा अर्थ रुंद, सपाट तक्ता असा आहे आणि तो येथे यथार्थ आहे. तथापि मराठी कानाला ‘पट्टा’ म्हणजे अरुंद, लांबट तुकडा. त्यातच १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी याच कार्ल्सबर्ग रांगेवरील चुंबकीय मोजणीचा आधार घेऊन सागरतळाच्या प्रसरणाचे प्रमाण मांडले. त्यातील आलटूनपालटून उलट दिशेचे चुंबकत्व दाखविणारे भाग खरोखरच पट्टे आहेत. शिवाय ‘भूकंपाचा पट्टा’ आहेच. एकाच शब्दकुळात तीन भिन्न कल्पना एकत्र आल्या.

हा घोटाळा केवळ कोशकारांचा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दगड-मातीच्या जड भिंती व माळवदे कोसळून बहुतेकांचा बळी गेला. किल्लारी भूपट्टाच्या सीमेवर नाही, त्याच्या अंतर्भागात आहे. उत्तरेस आशियाशी चाललेल्या टकरीचा ताण अखंड तक्त्यातून दूरवर पोचतो आणि जुन्या दुर्बल भेगेशी मोकळा होतो. ‘पट्ट’ म्हणजे तक्ता, हे ज्याला उमगले त्यास हे कळते. ज्याच्या मनात ‘पट्टा’ आहे, तो स्वतःस पट्ट्याबाहेरचा समजून निर्धास्त राहतो.

रूढ झालेली संज्ञा मोडू नये. मात्र ‘पट्टा’ हा शब्द चुंबकीय रेषांपुरता राखावा, भूकंपासंबंधी ‘क्षेत्र’ म्हणावे आणि पाठ्यपुस्तकांत ‘भूपट्ट’ची व्याख्या देताना त्यात सागरतळही येतो, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास समुद्र दूरचा वाटतो. पण ज्या तक्त्यावर नांदेड आणि लातूर वसली आहेत, त्याच तक्त्यावर तो समुद्रही आहे.