सावकाश : काकासाहेब कालेलकरांच्या दोन पुस्तकांच्या निमित्ताने

मराठीत ज्याला आपण 'सावकाश' म्हणतो, त्यालाच कोंकणीत 'सवकास' म्हणतात. शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो 'अवकाशासह'. सावकाश चालणारा मनुष्य नुसता मंद चालत नसतो. त्याच्या मनात मोकळी जागा असते. हल्लीच्या धावपळीवर उतारा म्हणून 'हळू चला' असा उपदेश जिकडेतिकडे ऐकू येतो; परंतु मंदपणा आणि सावकाशपणा यांतील हा भेद उपदेशकांच्या ध्यानी क्वचितच येतो.

मी राहतो त्या कामरेजला या भेदाचा प्रत्यय वारंवार येतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथे तापी ओलांडतो. वाहनांची रांग तुंबली की सारेच मंदावतात. पण त्या वेळी नदीकडे पाहणारा एखादाच. आमच्या व्यवसायातही खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. त्याला विलंब म्हणतात. सावकाशी कोणी म्हणणार नाही.

मग लादलेल्या विलंबाचे अवकाशात रूपांतर होऊ शकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला काकासाहेब कालेलकर आठवतात. १८८५ साली साताऱ्यास जन्मलेला, बालपणाचा काही काळ कारवारास घालविलेला हा मराठी लेखक गुजरातीत असा रुजला की गांधीजींनी त्यांस 'सवाई गुजराती' म्हटले. त्यांची 'हिमालयनो प्रवास' आणि 'ओतराती दीवालो' ही दोन गुजराती पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात १९१२ सालच्या पायी भ्रमंतीची हकीकत आहे, दुसऱ्यात साबरमतीच्या तुरुंगातील १९२३ सालच्या दिवसांची. एकात मंद गती स्वेच्छेने पत्करलेली, दुसऱ्यात ती सरकारने लादलेली.

नवल असे की, मला छोटे तुरुंगाचे पुस्तकच अधिक मोकळे वाटते. हिमालयात दृश्येच एवढी भव्य की लेखणी सहज उदात्ताकडे झेपावते. भिंतीआड मात्र पाहावयास उरतात पक्षी, खारी, मुंग्या. काकासाहेब त्यांच्याकडे शेजाऱ्याच्या आपुलकीने पाहतात, त्यांची थट्टा करतात, त्यांच्या संसारात गुंततात. कैदेचे गाऱ्हाणे ते मांडीत बसत नाहीत. विलंबाचा अवकाश झाला तो या अवधानामुळे.

तरीही एक दोष नोंदविणे भाग आहे. काकासाहेबांमधील शिक्षक पुष्कळदा त्यांच्यातील निरीक्षकाला स्वस्थ बसू देत नाही. दृश्य पुरते उमलण्यापूर्वीच ते त्याचे तात्पर्य काढावयास लागतात. पायांनी सावकाश चालणारा हा लेखक निष्कर्षाकडे मात्र लगबगीने जातो. हिमालयाच्या पुस्तकात हे विशेष जाणवते. जेथे ते तात्पर्य विसरतात, तेथेच त्यांचे गद्य सर्वांत टवटवीत आहे.

यापुढचा प्रश्न मात्र साहित्याच्या बाहेरचा आहे, आणि तो मला टाळता येत नाही. कामरेजपासून सुरत हाकेच्या अंतरावर. तेथे यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मजुरी विणलेल्या कापडावर मोजली जाते. या कामगारांत खानदेशातून आलेले आपले मराठी बांधवही आहेत. त्यांतील एखाद्याच्या हाती काकासाहेबांचे पुस्तक देऊन 'सावकाश जगा' असे सांगण्याचा अधिकार मला आहे काय? माग मंदावला तर त्याची मजुरी बुडते. कैदी काकासाहेबांजवळ वेळ अमाप होता, आणि तो कसा भोगावा हे शिकविणारे संस्कारही होते. यांपैकी पहिली गोष्टच ज्याला लाभत नाही, त्याच्यापुढे दुसरीची महती गाणे ही क्रूर थट्टा होईल.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, तेव्हा कायद्याने एका परीने हेच मान्य केले की, अवकाश ही चैन नसून माणसाचा हक्क आहे. कायदा तास देऊ शकतो. ते तास भरून कसे पाहावे हे वाङ्मय शिकविते. दोहोंपैकी एकाने भागत नाही, आणि क्रम उलटला तर वाङ्मय सुखवस्तूंचे अंगाईगीत होऊन बसते.

म्हणून 'ओतराती दीवालो' वाचावे, आणि सावकाश वाचावे. मात्र पुस्तक मिटल्यावर आपल्या दारी, कचेरीत, कारखान्यात कोणाचा अवकाश आपण हिरावून घेतला आहे, याचाही हिशेब एकदा करावा.